मेलेल्या ताऱ्याची नाडी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या लावून झाल्या की अंगणातून क्षणभर नैर्ऋत्येकडे पाहावे. धनू रास मावळतीला लागलेली असते. तिच्या दक्षिण भागात, क्षितिजापासून थोड्याच उंचीवर, आकाशाचा एक तुकडा असा आहे की तिथे नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. चांगल्या दुर्बिणीलाही एरवी तिथे एका अंधुक ठिपक्यापलीकडे काही सापडत नाही. पण त्या जागी एक मेलेला तारा आहे. आपल्यापासून तो सुमारे ११ हजार प्रकाशवर्षे दूर आहे, आणि एका सेकंदात तो स्वतःभोवती ४०१ वेळा फिरतो. घरातले पोर फुलबाजी पेटवून ती एकदा गोल फिरवते, तेवढ्यात त्या ताऱ्याच्या चारशे फेऱ्या होऊन गेलेल्या असतात.

हा तारा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी तो पुणे शहराच्या पसाऱ्यात बसेल एवढा लहान आहे, त्याच्या अंगावर अमुक ठिकाणी एक तापलेला डाग आहे, असे शास्त्रज्ञ आज सांगतात. कशावरून? नाडीवरून. आपल्याकडचे जुने वैद्य रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवीत. नाडीचे ठोके मोजणे हा त्यांच्या विद्येचा अर्धाच भाग. दुसरा आणि अधिक कठीण भाग म्हणजे नाडीची चाल ओळखणे: ती सर्पासारखी वळत चालली आहे, बेडकासारखी उड्या मारते आहे, की हंसासारखी डुलत आहे? ठोके कोणालाही मोजता येतात. चाल वाचावयाला गुरू लागतो आणि वर्षे लागतात. आकाशातल्या नाडीचेही तसेच झाले. ठोके प्रथम मोजले गेले आणि चाल वाचण्याची विद्या मागाहून आली. त्या विद्येचा हा इतिहास आहे.

त्याचा आरंभ मात्र ठोक्यांनी झाला नाही. तो झाला कल्पनेने. १९३० सालच्या जुलैअखेर सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण मुंबई बंदरातून बोटीने विलायतेस निघाला. त्या प्रवासात त्याने एक गणित मांडले. तारा जळून विझला म्हणजे आपल्याच वजनाने आत दबू लागतो. परंतु हे दबणे नेहमीच मध्येच थांबते काय? चंद्रशेखरांचे गणित म्हणाले, नाही. विशिष्ट मर्यादेपलीकडच्या वजनाचा तारा श्वेत बटू होऊन स्वस्थ बसू शकत नाही. ही मर्यादा पुढे सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. मग तो दबतो तरी किती? १९३२ साली इंग्लंडात चॅडविक यांनी न्यूट्रॉन हा कण शोधला, आणि दोनच वर्षांनी, १९३४ साली, अमेरिकेतील वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी म्हणून टाकले की मोठा तारा स्फोट होऊन फुटतो तेव्हा मागे निव्वळ न्यूट्रॉनांचा एक घट्ट गोळा उरत असावा. १९३९ साली ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी त्या गोळ्याचे गणितही केले. सूर्याहून अधिक वजन आणि व्यास अवघा वीस-पंचवीस किलोमीटर! त्याचा चमचाभर चुरा आपल्या सगळ्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांना तराजूत भारी पडेल.

पुढे जवळजवळ तीस वर्षे हा तारा कागदावरच राहिला. एवढासा गोळा एवढ्या दुरून दिसणार कसा, असा साधा प्रश्न होता, आणि त्याला कोणापाशी उत्तर नव्हते.

उत्तर आले ते क्ष-किरणांच्या वाटेने. आकाशातून येणारे क्ष-किरण आपली हवा वरच्या वर गिळून टाकते. म्हणून ते पाहावयाचे तर हवेच्या वर जावे लागते. १८ जून १९६२ रोजी न्यू मेक्सिकोतून रिकार्दो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रॉकेट उडविले. चंद्रावरून क्ष-किरण येतात का ते पाहावे, असे निमित्त होते. रॉकेट हवेच्या वर राहिले जेमतेम सहा मिनिटे. चंद्राचे काही कळले नाही. पण वृश्चिक राशीच्या बाजूने क्ष-किरणांचा लोट येताना आढळला. पाच वर्षांनी रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्हस्की यांनी सुचविले की तिथे न्यूट्रॉन तारा असावा आणि शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य त्याच्यावर कोसळत असावे.

त्याच १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल ही विद्यार्थिनी रेडिओ-दुर्बिणीचे कागद हाताने तपासत होती. दिवसाला सुमारे तीस मीटर कागद! त्यावर एका ठिकाणी तिला एक चमत्कारिक फराटा दिसला. कोणीही तो सोडून दिला असता. तिने सोडला नाही. नोव्हेंबरात यंत्राचा कागद वेगाने फिरवून पाहिले तेव्हा फराट्याचे ठोके निघाले, दर १.३३७ सेकंदाला एक, अगदी घड्याळासारखे. फिरणारा न्यूट्रॉन तारा सापडला होता. १९७४ सालचे नोबेल पारितोषिक तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्यूइश यांना मिळाले. तिला मिळाले नाही. वर्गात मुलांना ही गोष्ट सांगताना मी येथे थोडा थांबतो. शोध कोणाचा, आणि मान कोणाला, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात.

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील मंचावरून एक उपग्रह सोडण्यात आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून त्याला 'उहुरू', म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य, असे नाव मिळाले. सहा मिनिटांचे रॉकेट कोठे आणि दिवसरात्र आकाशात राहणारा उपग्रह कोठे! उहुरूने नरतुरंग तारकासमूहातील एका क्ष-किरण ताऱ्याचे ठोके पकडले, दर ४.८ सेकंदांनी एक. पाठोपाठ शौरी समूहात दुसरा सापडला. त्याची नाडी १.२४ सेकंदांची. दोघेही आपापल्या जोडीदार ताऱ्याभोवती फिरत होते. यातली खरी मौज पुढेच आहे. बेलबाईंना सापडलेल्या जातीचे तारे दिवसेंदिवस मंद होत जातात. भोवरा मंदावतो तसे. हे क्ष-किरण तारे मात्र वेग वाढवीत होते. कोणीतरी त्यांना चाबूक मारीत होते.

तो चाबूक म्हणजे जोडीदाराचे द्रव्य. ते सरळ खाली पडत नाही. पाणी मोरीच्या भोकात जाताना जसे गरगरते तसे ताऱ्याभोवती एक चकती करून फिरत आत सरकते. जवळ आल्यावर ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र त्याला पकडते आणि नरसाळ्यातून ओतावे तसे दोन ध्रुवांवर ओतते. एवढ्या उंचीवरून, एवढ्या ओढीने पडल्यावर त्याची काय उष्णता होईल! सूर्याच्या पोटात हायड्रोजन जळून जेवढी शक्ती निघते, तिच्या सुमारे वीसपट शक्ती तेवढेच द्रव्य येथे नुसते पडल्याने देते. ध्रुवांजवळचे डाग कोट्यवधी अंशांनी तापतात आणि क्ष-किरण ओकतात. चुंबकीय ध्रुव फिरण्याच्या आसाशी थोडा तिरका असल्याने डाग फिरत फिरत आपल्या समोर येतो आणि जातो. तोच ठोका.

या गोष्टीत १९८२ साली एक नवे पात्र आले. अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ-दुर्बिणीतून डोनाल्ड बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा एक तारा शोधला. त्या सहकाऱ्यांत श्रीनिवास कुलकर्णी हे विद्यार्थी होते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडात जन्मलेला आणि हुबळीत वाढलेला हा मुलगा पुढे जगातल्या मोठ्या ज्योतिर्विदांत गणला गेला. त्या ताऱ्याचा पेच असा की वेग तरुणाचा आणि लक्षणे म्हाताऱ्याची: चुंबकीय क्षेत्र क्षीण, आणि आसपास स्फोटाची राख नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन् आणि जी. श्रीनिवासन् यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेतील अल्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच वर्षी उत्तर सुचविले. हा तारा ययातीसारखा आहे. तो म्हातारा झाला होता. मग त्याने जोडीदाराचे द्रव्य घेऊन आपले तारुण्य परत मिळविले. कोट्यवधी वर्षे चाबूक खाऊन तो असा भिंगरी झाला.

उत्तर सुरेख होते. परंतु ययातीला पुरूकडून तारुण्य घेताना प्रत्यक्ष कोणी पाहिले होते? तसे असेल तर द्रव्य ओढणारा आणि त्याच वेळी सेकंदात शेकडो फेऱ्या घेणारा एखादा क्ष-किरण तारा आकाशात सापडला पाहिजे. शोध सुरू झाला. एक वर्ष गेले, पाच गेली, दहा गेली. तारा सापडेना.

शेवटी १९९८ च्या एप्रिलात, सोळा वर्षांनी, तो सापडला. ब्रूनो रॉसी या शास्त्रज्ञाच्या नावाचा एक अमेरिकन उपग्रह १९९५ च्या डिसेंबरअखेर वर गेला होता. सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत वेळ टिपणे हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच्या नोंदींत हॉलंडच्या रूडी वाइनँड्स व मिखील व्हॅन डर क्लिस यांना ४०१ चा ठोका मिळाला. दीप्तो चक्रवर्ती व एडवर्ड मॉर्गन यांनी दाखविले की तारा जोडीदारासह दर दोन तासांनी एक प्रदक्षिणा करतो. हाच तो धनू राशीतला तारा. त्याचे नाव सॅक्स जे १८०८. नाव कसले, आकाशातला पत्ताच तो. त्याच्या जोडीदाराचे वजन आता सूर्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास उरले आहे. पुराणातल्या पुरूला आपले तारुण्य परत मिळाले. या पुरूला मिळणार नाही.

येथवर झाली ठोके मोजण्याची हकीकत. आता चाल.

पहिली अडचण अशी की एका फेरीत हाती येणारे क्ष-किरण इतके थोडे की त्यांतून कसलाच आकार दिसत नाही. म्हणून घडी घालावी लागते. बुट्ट्यांच्या लुगड्याची घडी नेमक्या अंतरावर घातली की बुट्टी बुट्टीवर बसते. अंतर केसाएवढे चुकले तरी सगळे विस्कटते. एका दिवसात या ताऱ्याच्या ३ कोटी ४६ लाखांवर फेऱ्या होतात. जोडीदाराभोवती फिरताना ठोके कधी लवकर तर कधी उशिरा पोचतात, तो हिशेब वजा करून हजारो-लाखो फेऱ्या एकावर एक रचल्या की एका ठोक्याचे चित्र उमटते: एक लहानशी लाट. सरासरी उजेडाच्या मानाने तिचा चढउतार शेकडा पाच-सहा एवढाच.

या एवढ्याशा लाटेत तारा वाचावयाचा आहे. कसा? येथे मला माझ्या धंद्याची आठवण होते. कादंबरीकाराला माणसाची चार कृत्ये ठाऊक असतात. त्यांवरून तो आख्खा माणूस रचतो आणि मग पाहतो, हा माणूस ती चार कृत्ये करील काय? शास्त्रज्ञही कागदावर एक काल्पनिक तारा रचतो. वजन इतके, त्रिज्या इतकी, डाग ध्रुवापासून इतका दूर, आपण पाहतो तो कोन असा. मग तो तारा गणितात फिरवून ठोका कसा येईल ते काढतो आणि खऱ्या ठोक्याशी ताडून पाहतो. जुळले नाही तर तारा मोडावयाचा आणि नवा रचावयाचा. याला ते प्रतिमान म्हणतात. फरक एवढाच की माझे पात्र खोटे निघाले तर मला कोणी विचारीत नाही. त्यांच्या पात्राची साक्ष दर वेळी आकाशाकडून घेतली जाते.

या रचनेत पहिला भाग आइन्स्टाइनचा. एवढ्या जड गोळ्यापाशी प्रकाश सरळ जात नाही, वाकतो. साध्या चेंडूचा आपल्याला अर्धा भाग दिसतो, म्हणजे रुपयातले आठ आणे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पाठीमागून निघालेले किरण वाकून पुढे येत असल्याने त्याच्या पाठीचाही बराच भाग दिसतो. २००२ साली आंद्रेई बेलोबोरोदोव्ह यांनी या वाकण्याचे एक सोपे सूत्र दिले. ते मॅट्रिकच्या त्रिकोणमितीत बसते. सूर्याच्या १.४ पट वजन आणि १२ किलोमीटर त्रिज्या घेऊन मी स्वतः ते गणित फळ्यावर मांडून पाहिले. उत्तर आले, बारा आणे! चार आण्यांएवढाच भाग आपल्यापासून लपलेला राहतो. याचा परिणाम असा की डाग पाठीमागे गेला तरी पुरता अंधार होत नाही, आणि लाट उथळ होते. १९८३ साली पेचेनिक, फ्टाक्लास आणि कोहेन यांनी हे गणिताने दाखविले होते. म्हणजे लाटेची खोली सांगते की तारा किती आवळलेला आहे.

दुसरा भाग वेगाचा. १२ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्याने सेकंदाला ४०१ फेऱ्या घेतल्या तर त्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला ३० हजार किलोमीटर होतो; प्रकाशाच्या वेगाचा दहावा हिस्सा. आगगाडी आपल्याकडे येताना तिच्या शिट्टीचा सूर चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो. तसाच डाग आपल्याकडे येताना अधिक तेजस्वी दिसतो आणि दूर जाताना मंद. त्यामुळे लाटेचा माथा थोडा अलीकडे सरकतो. चढण उभी होते आणि उतरण लांबते. फेऱ्या किती हे माहीत आहेच. तेव्हा हा तिरकेपणा किती, यावरून गोळा केवढा ते कळू लागते. खोलीवरून आवळलेपण, तिरकेपणावरून आकारमान. वैद्याची सर्पगती आणि हंसगती ती हीच.

तिसरी खूण सर्वांत नाजूक. या ताऱ्याच्या नोंदींत १९९८ सालीच असे दिसले की मऊ, म्हणजे कमी शक्तीच्या, क्ष-किरणांचा ठोका कडक किरणांच्या ठोक्यामागून येतो. उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढा! २००३ साली युरी पोटानेन आणि मारेक गिएरलिन्स्की यांनी त्याचा अर्थ लावला. मऊ किरण तापलेल्या डागातून निघतात. कडक किरण डागावरच्या तप्त थरात, जेथे कोसळणारे द्रव्य आपटते, तेथे तयार होतात. दोघांची बाहेर पडण्याची तऱ्हा निराळी: डाग समोरून अधिक उजळ, तो थर कडेने अधिक उजळ. तिरके निघणाऱ्यांवर वेगाचा परिणाम जास्त होतो, म्हणून कडक किरणांचा माथा अधिक अलीकडे सरकतो. एवढ्याशा उशिरातून डागाच्या अंगावरची रचना उलगडली.

परंतु येथेच खरी परीक्षा आहे. लहान ताऱ्यावर डाग एका जागी ठेवा, मोठ्यावर दुसऱ्या जागी ठेवा आणि पाहण्याचा कोन बदला. कधी कधी दोन्ही तारे तोच ठोका देतात. एकाच कृत्याला दोन माणसे बसावीत तसे. शिवाय ही नाडी स्थिर नाही. तारा दोन-चार वर्षांनी भडकतो आणि काही आठवड्यांत विझत जातो. तो विझू लागला की द्रव्याची चकती मागे सरते, आणि तिच्या आड लपलेला दुसऱ्या ध्रुवाचा डाग डोकावू लागतो. ठोक्याचा आकारच बदलतो. २००२ सालच्या भडक्यात हे स्पष्ट दिसले. म्हणून नवनवे साक्षीदार बोलवावे लागतात. २०१९ च्या ऑगस्टात हा तारा भडकला तेव्हा आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानेही त्याची नाडी पाहिली. ज्या उपकरणाने ती पाहिली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेले. २०२४ साली याच जातीच्या दुसऱ्या एका ताऱ्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे त्यांची थरथर कोणत्या दिशेने होते ते, प्रथमच मोजले गेले. त्यावरून डागाची जागा आणि पाहण्याचा कोन वेगळे काढता येतात; मग दोन माणसांतला खोटा कोणता, हे ठरविणे सोपे होते.

चाल वाचण्याच्या या विद्येची सर्वांत मोठी कसोटी मात्र एका शांत ताऱ्यावर झाली. तो कोणाचे द्रव्य ओढीत नाही, म्हणून त्याची नाडी स्थिर. २०१७ साली अंतराळ-स्थानकावर नायसर नावाची दुर्बीण बसविण्यात आली. तिच्या नोंदी दोन स्वतंत्र गटांनी घेतल्या आणि आपापली प्रतिमाने रचली. २०१९ च्या डिसेंबरात दोघांनी उत्तरे मांडली. एका गटाची त्रिज्या १२.७ किलोमीटर, दुसऱ्याची १३.० किलोमीटर, दोघांनीही किलोमीटरभर इकडे-तिकडेची मुभा प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली. डागांच्या आकाराबद्दल मतभेद: एक म्हणतो त्यांतला एक चंद्रकोरीसारखा, दुसरा म्हणतो सगळे लांबट गोल. पण सारे डाग एकाच गोलार्धात आहेत, यावर दोघांचे एकमत. ताऱ्याच्या चित्रात डाग नेहमी समोरासमोरच्या दोन ध्रुवांवर काढण्याची जी रूढी होती, ती त्या दिवशी मोडली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. अणूचे गाभे एकमेकांत दाबीत गेले तर शेवटी द्रव्याचे काय होते, हे पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगशाळेत पाहता येत नाही. ते जाणून घ्यावयाचे तर त्या गोळ्याची त्रिज्या मोजली पाहिजे. आत न्यूट्रॉनच आहेत की आणखी काही, हे त्रिज्येवरूनच ठरणार. अजून ते ठरलेले नाही. पण ठरविण्याची रीत हाती आली आहे आणि ती मला आपल्या वैद्यांच्या रीतीहून फार निराळी वाटत नाही. मनगटावर बोट ठेवावे, मनात रोग्याचे चित्र उभे करावे, ते ठोक्याशी ताडून पाहावे आणि जुळले नाही तर आपले चित्र पुसावे. नाडीला दोष देऊ नये.